बिननारळाची गाडी

मी खुर्चीवर टेकणार तेवढ्यात शोरूमचा मालक ओरडला, "रुको!"

त्यानं ड्रॉवरमधून जुना पेपर काढून नोकराकडे फेकला. नोकरानं तो लाल रेक्झिनच्या खुर्चीवर पसरला. चारी कोपरे नीट दाबले. मग मालक म्हणाला, "अब बैठो."

माझ्याआधी त्याच खुर्चीवर एक दूधवाला बसून गेला होता. बुटाला शेण होतं त्याच्या. त्याच्यासाठी पेपर नव्हता. मी पेपरवर बसलो, कारण माझी मोडलेली मोटारसायकल त्याच्या ताब्यात होती.

कुणी विचारलं असतं तर त्यानं माझ्या हातांकडे बोट दाखवलं असतं. मी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, तोफेच्या गोळ्यात बारूद भरायच्या सेक्शनला. ती पूड कातड्यात मुरते. तळवे, नखं, उशीचा अभ्रा, सगळं पिवळं. घासून घासून साल निघते, रंग निघत नाही. कारगिलची लढाई पेटली होती. आम्ही दोन-दोन शिफ्टा करत होतो. जबलपूरच्या राइट टाउनातल्या त्या शोरूममध्येही काउंटरवर तिरंगा लावला होता आणि जवानांसाठी डबा ठेवला होता. जवानांचं त्याला कौतुक. त्यांच्या तोफेचा गोळा भरणारा हात मात्र त्याच्या रेक्झिनला चालत नव्हता.

पण हात हे निमित्त. खरी गोष्ट नारळाची.

गाडी घ्यायला गेलो होतो तेव्हा शोरूमच्या दारात पूजा मांडली होती. टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, हँडलला हार. तिथं सगळ्यांच्या गाडीची अशीच पूजा व्हायची. मालक स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात नारळ देई, गिऱ्हाईक तो फोडी, मग फोटो. त्यानं नारळ पुढं केला. मी घेतला नाही.

"हम लोग बौद्ध हैं जी. नारियल नहीं फोड़ते."

भांडायला नव्हतो बोललो. जे होतं ते सांगितलं. माझ्या वडिलांनी भंडाऱ्याकडच्या गावात असतानाच घरातले देव वैनगंगेत सोडले होते. पासष्टच्या लढाईत माणसं हवी होती म्हणून ते इथं जबलपूरला फॅक्टरीत लागले. गावातल्या विहिरीला आम्ही चालत नव्हतो, लढाईला चाललो. आमच्या घरात नारळ फुटत नाही, एवढंच.

मालकाचं हसू तिथंच मेलं. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. किल्ली हातात दिली नाही. काउंटरवर टाकली. मी उचलली आणि घरी आलो. आनंद एवढा होता की अपमान घरी पोचेपर्यंत कळलाच नाही.

थोड्याच दिवसांनी कांचघरच्या वळणावर ट्रकनं आम्हाला उडवलं. उलट्या बाजूनं घुसला तो. माझी बायको सुशीला मागं बसली होती. मी फेकला गेलो. ती गाडीसकट फरफटत गेली. उठून पाहिलं तर तिच्या नडगीचं हाड कातडं फाडून बाहेर आलेलं. पांढरं. ती ओरडत नव्हती, दातांनी स्वतःचाच हात चावत होती. रस्त्यावर पेट्रोल आणि रक्त एकत्र वाहत होतं. ट्रक थांबला नाही. माझ्या हातात दगड होता आणि मी पळत होतो, किती लांब पळालो ठाऊक नाही. तो ड्रायव्हर सापडला असता तर मी आज तुरुंगात असतो.

सुशीला फॅक्टरीच्या दवाखान्यात पडली. गाडी शोरूमच्या मागच्या अंगणात. आणि सुरू झाला खेळ.

डीलर, म्हणजे तो मालक, म्हणे, विमा कंपनीचा सर्व्हेयर आला नाही, गाडीला हात लावता येत नाही. सर्व्हेयर म्हणे, डीलरनं खर्चाचा अंदाज दिला नाही, येऊन काय करू? विमा ऑफिसात जावं तर तिथला बाबू म्हणे, सर्व्हेयरचा रिपोर्ट आण. मी तिघांच्या दारात कुत्र्यासारखा फिरत होतो. आणि एका दुपारी पाहिलं, तो सर्व्हेयर शोरूमच्या केबिनमध्ये मालकासोबत समोसे खात बसलेला. मला पाहून दोघं हसले.

तिकडं अंगणात माझी गाडी कुणीतरी खात होतं. आधी बॅटरी गेली. मग आरसे. मग पाहिलं तर कार्बोरेटरच्या जागी चिंधी कोंबलेली.

आमचं घर गढ्याला, फॅक्टरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पहाटेच्या शिफ्टला त्या वेळी टेम्पो मिळत नाही. लढाईच्या दिवसांत उशीर झाला की गेट बंद. मला लेखी ताकीद मिळाली होती. फोरमन म्हणाला, "अगली बार सीधे सस्पेंड." बायको दवाखान्यात, आणि गाडी मिळाली नाही तर नोकरी जाणार. हे मालकाला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, हात जोडून.

त्या दिवशी, पेपरवर बसवून, तो म्हणाला, "पूजा नहीं करवाई थी न? भुगतो."

मग तो खुर्चीत पुढं सरकला.

"एक काम करो. कल आओ. सबके सामने नारियल फोड़ो, मेरे पाँव छुओ, बोलो गलती हो गई. सर्वेयर साहब परसों गाड़ी पास कर देंगे."

सर्व्हेयर शेजारीच बसला होता. त्यानं मान डोलावली.

मी दवाखान्यात येऊन सुशीलाला सांगितलं. ती छताकडे पाहत होती.

"काहून जाता तुम्ही?" ती म्हणाली. "जाऊ द्या नोकरी. मी धुणीभांडी करीन."

"कोणत्या पायावर उभी राहून करशील?"

हे बोलून गेलो. ती भिंतीकडे वळली. मला स्वतःची किळस आली, पण भीती किळसेपेक्षा मोठी होती. दुसऱ्या दिवशी मी गेलो.

शोरूम भरलेली होती. कुणाच्या तरी नव्या गाडीची पूजा चाललेली, बायका-पोरं नटून आलेली. मालकानं मला मधोमध उभं केलं, नारळ हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पहले पाँव."

मी वाकलो. हो, वाकलो. नारळ डाव्या हातात, उजवा हात त्याच्या बुटापर्यंत गेला. आणि त्यानं पाय झटकन मागं ओढला.

"दूर से! दूर से!"

लोक हसले.

मी वाकलेलाच होतो. पुढ्यात त्याचा काळा बूट. आणि मला लख्ख कळलं. ह्याला माझी माफी नको आहे. ह्याला पूजाही नको आहे. ह्याला मी असा हवा आहे. वाकलेला, आणि तरीही लांब. आज गाडी देईल, उद्या दुसरं काही अडवेल, पुन्हा वाकवेल. माझा बाप गावातून निघाला तो ह्याच बुटापासून लांब जायला, आणि मी आपल्या पायांनी चालत परत आलो होतो.

मी सरळ झालो. नारळ फेकला. पूर्ण ताकदीनं, समोरच्या मोठ्या काचेवर. काच वरपासून खालपर्यंत कोसळली. बायका किंचाळल्या. मी मालकाची कॉलर धरली, दोन्ही पिवळ्या हातांनी, आणि त्याचं तोंड माझ्या तोंडाशी आणलं.

"अब पास से देख," मी म्हणालो.

त्याच्या तोंडाला सुपारीचा वास येत होता. मी त्याला मारलं नाही. एवढंच पुरेसं होतं मला, पण त्याच्या माणसांना नव्हतं. मेकॅनिक धावले. पाना डोक्यात बसला. मग लाथा, बरगड्यांवर, पोटावर. सर्व्हेयरही होता लाथा मारायला. इतके दिवस ज्याला माझ्या गाडीपर्यंत चालत जायला वेळ नव्हता, तो माझ्यापर्यंत धावत आला. भुवई फाटली, दात हलला. मी कॉलर सोडली नाही. ती फाटून माझ्या मुठीत राहिली.

पोलीस ठाण्यात मालक फाटक्या शर्टात खुर्चीवर, मी जमिनीवर. दरोगा म्हणाला, "पाँव पकड़ के माफ़ी माँग ले. सेठजी बड़े दिल के हैं, केस नहीं करेंगे. नौकरी बच जाएगी तेरी."

मालकानं पाय पुढं केला. या वेळी मागं घेतला नाही.

माझ्या डोळ्यांत रक्त उतरत होतं. भिंतीला धरून उठलो. उभा राहिलो.

"माफ़ी नहीं," मी म्हणालो. "रिपोर्ट लिखो. काँच मैंने फोड़ा. और ये भी लिखो कि क्यों फोड़ा. जब तक ये नहीं लिखोगे, मैं यहीं खड़ा हूँ."

"बैठ जा!" तो ओरडला.

मी बसलो नाही.