वाठारच्या रस्त्यावरचा पिवळा दिवा

सांगलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप दुरुस्त करण्यात निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे करंट नसेल तर दिवा लागत नाही यावर माझा जेवढा विश्वास आहे, तेवढा देवावरही नाही. या ग्रुपवरचे असले किस्से मी चहाबरोबर वाचतो, हसतो आणि सोडून देतो. आज स्वतःचाच लिहितोय... हसायचं तर खुशाल हसा.

गोष्ट १९९९ ची. नवी गाडी घेतली होती, पेट्रोल इंजेक्शनची. मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा — चेक इंजिन — सारखा लागायचा. आई शेजारी असली, की दिवा लागल्याबरोबर हात जोडायची! तिन्हीसांजेला घरातली ट्यूब लावली तरी ती नमस्कार करायची, त्यातलाच प्रकार.

"अगं, हा बिघाडाचा दिवा आहे," मी म्हणायचो.

"दिवा त्यो दिवा," ती म्हणायची.

गॅरेजवाल्या दत्ताने प्लग बदलले, फिल्टर साफ केला, वायरी हलवून बघितल्या. दिवा तसाच. शेवटी म्हणाला, "सायेब, ह्येचा कोड वाचायचं मशीन आपल्याकडं न्हाई. गाडी झकास पळतीया न्हवं? मग दिवाच काढतो, डोक्याला ताप न्हाई." माझ्यासमोर त्याने मीटर खोलून तो इवलासा बल्ब काढला. मी तो डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला आणि विसरलो.

पुढे एका सकाळी फलटणहून मावसभाऊ सुनीलचा फोन आला. मोठी मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, शेवटच्या घटका मोजत होती. आजी लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच आईला लहानाचं मोठं केलेलं. आणि आई मात्र गेली काही वर्षं "दिवाळी झाली की जाऊ, उन्हाळ्यात जाऊ" करत राहिली होती.

आम्ही लगेच निघालो. साताऱ्यापर्यंत आई नुसती पदर पिळत होती. वाठार स्टेशन मागे पडलं, आणि भर दुपारी मीटरमध्ये पिवळा दिवा लागला.

मी गाडी कडेला घेतली.

"थांबू नगंस रं!" आई ओरडली. "आक्का थांबायची न्हाई माझ्यासाठनं!" त्या दिवशी तिने हात जोडले नाहीत. दिव्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यो काढला हुता न्हवं तुमी?"

मी बॉनेट उघडलं. ऑइल बरोबर, रेडिएटरमध्ये पाणी भरलेलं, बेल्ट जागेवर. इंजिन सुरळीत चालू, आणि दिवा तसाच. आई आत रडत होती. बॉनेट लावणार, तेवढ्यात समोरून आलेली एक जीप करकचून थांबली.

सुनील उतरला. "आवं, तुमी हितं? आईला साताऱ्याच्या दवाखान्यात न्ह्यायचं ठरलं. फोन लावला, तर तुमी निगाला हुता. बॉनेट उघडं दिसलं म्हनून गाडीकडं नजर गेली..."

आई अनवाणीच धावली. जीपमध्ये मागे मावशी आडवी होती. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मावशीने डोळे उघडले, ओळखलं. "आलीस व्हय गं?" एवढंच बोलली. आई त्याच जीपमधून साताऱ्याला गेली, मी गाडी वळवून मागोमाग. साताऱ्यात शिरायच्या आधीच मावशी गेली. आईच्या मांडीवर.

दिवा कधी विझला, मला माहीत नाही.

सांगलीत आल्यावर दत्ताला मीटर खोलायला लावलं. होल्डर रिकामा. बल्ब कप्प्यात, धुळीने माखलेला. "ऊन चमकलं आसंल, सायेब," दत्ता म्हणाला. असेलही. पण मग आईनेही तेच ऊन पाहिलं? आणि बरोबर तिथेच? इतकी वर्षं डोकं खाजवतोय. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मी हरलो.

आईला सांगितलं, बल्ब नव्हताच. आपण थांबलो नसतो, तर चुकामूकच झाली असती.

तिला दिव्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाली, "मी जायाची हुती रं तिच्याकडं. शेवटाला बी तिलाच यावं लागलं."