बाकाच्या पलीकडच्या टोकाला

वादात समोरच्याचं म्हणणं मांडायची वेळ आली की ते जागेवरून उठत आणि बाकाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसत. कॉलर सरळ करत, घसा खाकरत आणि मग स्वतःला अजिबात न पटणारं मत असं काही मांडत, की ज्याचं ते मत असे तोच तोंडात बोट घालून ऐकत राही. संपलं की उठून आपल्या टोकाला परत येत आणि म्हणत, "आता माझं."

तुम्ही म्हणाल, विक्षिप्त माणूस. पहिले आठ दिवस आम्हीही तेच म्हणत होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कालिन्याला विद्यापीठात एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेले आम्ही नऊ जण. आठ जण विशीतले आणि नववे हे, चाळिशी ओलांडलेले. मूळचे मालवणकडचे, राहायला आमच्याच घाटकोपरला, डोंगरावरच्या चाळीत. मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करत. पहिली पाळी संपवून चारच्या तासाला येत, तेव्हा हात साबणाने कितीही घासलेले असले तरी तेलाचा वास यायचाच. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते पहिल्या बाकावर बसत आणि नशिबाने मी त्यांच्या शेजारी.

आपल्या जुन्या शास्त्रांत वादाची एक रीत आहे. आपलं मत सांगण्याआधी विरोधकाचं मत पुरतं मांडायचं, तो पूर्वपक्ष. मग त्याला उत्तर द्यायचं. सरांनी हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आम्ही वहीत उतरवलं आणि पान उलटलं. काकांनी मात्र ते अंगालाच लावून घेतलं. कॅन्टीनमध्ये आम्ही कोणाला नुसतं "मूर्ख आहे" म्हटलं, तरी कपबशी खाली ठेवून म्हणायचे, "आधी त्याचं म्हणणं सांग गो. त्याच्यापेक्षा बरं सांग."

एकदा देव आहे की नाही यावर वर्गात जुंपली. काका पक्के देवभक्त, गळ्यात तुळशीची माळ. ते उठून पलीकडे सरकले आणि त्यांनी नास्तिकाची बाजू अशी काही लढवली की आमच्यातला एकुलता एक नास्तिक टाळ्या वाजवायला लागला. सरसुद्धा खडू हातात घेऊन बघत राहिले. तास संपला, सगळे बाहेर पडले. मी वही विसरले म्हणून परत गेले, तर काका खिडकीशी हात जोडून पुटपुटत होते, "देवा म्हाराजा, राग मानून घेव नको. अभ्यास होतो तो."

मी हसले, पण काय सांगू, त्या दिवसांत मला घरी जावंसंच वाटत नसे! कोणी बघत नसताना खोटं बोललं तर काय बिघडतं, चांगलं म्हणजे नक्की काय, असले प्रश्न घेऊन मी बसमध्ये चढायची आणि माझा स्टॉप मागे पडायचा. एकदा नाही, तीनदा.

आणि नेमकं तेव्हाच बँकेचं पत्र आलं. बी.ए. झाल्यावर बाबांच्या आग्रहाखातर परीक्षा दिली होती, त्यात पास झाले होते. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले. त्यांनी सोसायटीत पेढे वाटले आणि मला सांगितलं, "पुरे झालं ते तत्त्वज्ञान." मी आकांडतांडव केलं. मी ओरडायची, बाबा पेपर तोंडासमोर धरायचे आणि आई दोघांना जेवायला वाढायची. असे दहा दिवस गेले.

शेवटी मी काकांना साकडं घातलं. "काका, तुम्हीच बाबांना समजवा ना. माझं ऐकतच नाहीत."

ते रविवारी सकाळी आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. चहा झाला. मी आशेने त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "साहेब, आधी तुमचं म्हणणं मांडतो. चुकलो तर सांगा." आणि खुर्चीवरून उठून ते थेट दिवाणावर, बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

"पुस्तकं कुठे पळून जात नाहीत," काकांनी सुरुवात केली. "लायब्ररीत दहा वर्षांनीही मिळतील. नोकरी लायब्ररीत मिळत नाही. हाताशी नोकरी नसलेल्या बाईला साधी साडी घ्यायची तरी कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं. हे साहेबांनी स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत बघितलं असणार, किंवा आईच्या. साहेब चिडलेले नाहीत. साहेब घाबरलेत. आपण नसू तेव्हा हिला कोणापुढे मान खाली घालायला लागू नये, एवढंच त्यांना हवं आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. आत्याचं नाव आमच्या घरात कोणी काढत नसे. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हो. हेच. मला हेच म्हणायचं होतं."

"आता माझं सांगा!" मी जवळजवळ ओरडलेच.

काका परत खुर्चीत येऊन बसले. जमिनीकडे बघत राहिले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "मला उत्तर सुचत नाही गो. साहेबांचं बरोबर वाटतंय."

"काका! वाट लावलीत माझी!"

"लागली खरी," ते कावरेबावरे होऊन म्हणाले. "पण उत्तर तुझं आहे. ते मी कुठून आणू? तू सांग. त्यांचं म्हणणं आता समोर आहे."

मला इतका राग आला होता की रडूच यायचं बाकी होतं. पण एक गोष्ट खरी होती. दहा दिवस मी पेपरशी भांडत होते. आता पेपर बाजूला पडला होता आणि समोर आत्याची आठवण येऊन बसलेले माझे बाबा होते. त्यांच्यावर ओरडायचं कसं?

मी म्हटलं, "बाबा, तुमचं खरं आहे. बँक पुढच्या वेळी मला घेईलच असंही नाही. पण लहानपणी मी विचारलं होतं, खोटं का बोलायचं नाही? तुम्ही म्हणालात, बोलू नये म्हणून. ते मला अजून टोचतंय. तिथे नऊ माणसं रोज चार वाजता असल्या गोष्टींवर भांडतात. बाबा, मला त्या खोलीत बसायचंय. आत्ता उठले तर मी पुन्हा नाही बसणार, हे मला माहीत आहे."

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मग?" बाबा म्हणाले. "का नाही बोलायचं खोटं?"

"अजून कळलं नाही."

"तिथे कळेल?"

"तेही माहीत नाही."

बाबा काकांकडे बघायला लागले आणि काका छताकडे. मग बाबांनी बँकेचं पत्र उचललं, चौघडी करून पेपरखाली ठेवलं आणि म्हणाले, "कळून घे. पण फर्स्ट क्लास आला पाहिजे."

मी आईला मिठी मारली, चहाचा कप लवंडला, सगळा गोंधळ. बाबा काकांना सोडायला खाली गेले ते तासभर आलेच नाहीत. मी गॅलरीतून बघितलं, तर दोघे बसस्टॉपवर हातवारे करत उभे होते आणि समोरून बस निघून जात होती. त्यानंतर दर रविवारी काका यायचे. माझ्याकडे नाही, बाबांकडे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, परीक्षेआधीच्या सुटीत, ते दोन-तीन रविवार आले नाहीत. अभ्यास करत असतील, असं आम्ही धरून चाललो. पहिला पेपर नीतिशास्त्राचा, त्यांच्या जिव्हाळ्याचा. माझ्या पुढच्या बाकावर त्यांचा नंबर लिहिलेला होता. तीन तास तो बाक रिकामाच राहिला.

मी धावतच घरी आले. बाबा दारातच होते, हातात एक पोस्टकार्ड. त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. कारखाना गुजरातेत, वापीला हलवला होता. काकांनी लिहिलं होतं, मालकाचं म्हणणं असं की इथे जागा परवडत नाही, तिकडे वीज स्वस्त आहे, कामगारांना सोडून न देता सोबत नेतो आहे हे काही कमी नाही. अकरा ओळींत मालकाची बाजू अशी मांडली होती की मालकालाही तशी मांडता आली नसती. शेवटी एकच ओळ होती: उद्या निघतो, पेपर नीट लिही, साहेबांना नमस्कार.

बाबांनी कार्ड उलटं केलं. तिथे आमचा पत्ता होता आणि बाजूची अर्धी जागा कोरी.

"अगं, पण यात त्यांचं स्वतःचं म्हणणं कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून, त्यांना स्वतःला काय हवंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.