खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची

वहिनींचा फोन मी दोनदा कापला. समोर गिऱ्हाईक होतं, बंद पडलेल्या एका ऑफिसची चाळीस टेबलं त्याला घ्यायची होती आणि तो शेवटच्या आकड्यावर येतच होता. तिसऱ्यांदा फोन उचलला तो चिडूनच. "कासमभाई, सुधीर गेले हो... ऑफिसातच," त्या म्हणाल्या. मग त्या गिऱ्हाइकाला मी काय भाव दिला, ते मला आजही आठवत नाही.

याला सात आठवडे झाले. सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. मीही बोलेन, पण माझं त्याच्याशी भांडण आहे, आणि ते अर्धवट टाकून तो गेला.

मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, दहावी नापास. इकडे हमाल म्हणून आलो, आज दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात जुन्या ऑफिस फर्निचरचं माझं गोदाम आहे. सुधीर पुण्याचा वकील, एका कंपनीचे करार तपासायचा, राहायला अल बर्शात. माझा पहिला करार त्याने वाचून दिला तेव्हापासूनची वीस वर्षांची दोस्ती. आधी शुक्रवारी, इथली सुट्टी बदलल्यावर रविवारी सकाळी आम्ही उम्म अल कुवैनला मासळी आणायला जायचो. भाव मी पाडायचा, पिशवी त्याने धरायची. "कासमशेठ, पहाटेपासून समुद्रात होता रे तो, सोड आता," तो म्हणायचा. "वकीलसाहेब, तुम्ही पिशवी धरा," मी म्हणायचो. घरात माझं कुणी ऐकत नसे, धंद्यात मी कुणाचं ऐकत नसे. गाडीतल्या त्या दोन तासांत मात्र आम्ही दोघंही एकमेकांचं ऐकायचो.

मग रविवार कमी होत गेले. त्याच्याकडे माणसं येऊ लागली. समलिंगी मुलं, मुली, एक ट्रान्सजेंडर नर्स... आपल्याकडून, पाकिस्तानातून, फिलिपिन्समधून इथे नोकरीला आलेली. गावी परतलं तर मार किंवा लग्न, इथे कळलं तर नोकरी आणि व्हिसा, दोन्ही खलास. कायद्याने आपल्याला काय मागता येतं हे तो त्यांना समजावून सांगायचा, दुसऱ्या देशात आश्रय मिळावा म्हणून त्यांचं निवेदन लिहायचा आणि तिथल्या वकिलांकडे पाठवायचा. फी नाही, बोर्ड नाही. पद्धत मात्र कडक. तीच हकीकत तीन वेगळ्या रविवारी सांगायला लावायचा आणि तिन्ही वेळा टिकेल तेवढंच लिहायचा. सांगणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून, त्याच्याकडे पाठ करून बसायचं. "चेहरा दिसला की माणूस चेहऱ्याला पटेल असं बोलतो," असं त्याचं म्हणणं. त्यासाठी माझ्या गोदामातून त्याने एक खुर्ची नेली, न फिरणारी, न कुरकुरणारी. मी मुद्दाम जास्त किंमत सांगितली. त्याने मुकाट्याने दिली. मित्राने घासाघीस करू नये, यापेक्षा मोठा अपमान मला ठाऊक नाही. मला त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचा मत्सर वाटायचा. माझे रविवार त्यांनी नेले होते.

नदीम माझा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी लहान. (हे त्याचं खरं नाव नाही. सुधीरने खरं नाव लिहू दिलं नसतं.) तो माझ्याच कंपनीच्या व्हिसावर इथे होता. चार वर्षांपूर्वी एका दुपारी गोदामात त्याने मला सांगितलं, भाई, मला मुलीशी लग्न करता येणार नाही, मी तसा नाही. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी, जे मला येतं तेच केलं. म्हटलं, "दोन वर्षं लग्न निभाव. शारजातलं माझं दुसरं दुकान तुझ्या नावावर. पुढे तुझं तू बघ." तो म्हणाला, "भाई, मी काय टेबल आहे?" मग मी ओरडलो. व्हिसा कॅन्सल करतो, पुढच्या विमानाने गावी पाठवतो म्हणालो. काही महिन्यांनी तो शिकायला म्हणून कॅनडाला गेला आणि त्याने फोन बंद केला. हे सगळं मी गाडीत सुधीरला सांगितलं. तो मांडीवर पिशवी धरून ऐकत होता. "बोलेल, इन्शाल्ला," एवढंच म्हणाला.

सुधीर गेल्यावर तिसऱ्या दिवशी नदीमचा फोन आला. रडत होता. "भाई, माझा आश्रयाचा कागद सुधीरभाईंनी लिहिला होता." माझं डोकं फिरलं. "माझ्या खुर्चीत बसवून? माझ्याविरुद्ध?" मी ओरडलो. चार वर्षं सुधीरने माझ्या पिशवीतली सुरमई खाल्ली, आणि एक शब्द नाही!

"आधी ऐक," नदीम म्हणाला. "मी त्यांना म्हटलं होतं, लिहा की भाई मला जिवे मारेल. केस पक्की झाली असती. ते म्हणाले, तीनदा सांगितलंस, त्यात मारेल एकदाच म्हणालास. कासम ओरडतो, हात उचलत नाही. हे मी लिहिणार नाही." मग त्याने कागदावर माझ्याबद्दल जे उरलं होतं ते वाचून दाखवलं. "ज्याच्या व्हिसावर मी राहतो त्या भावाने लग्नाच्या बदल्यात मला दुकान देऊ केलं. मी नाही म्हटल्यावर व्हिसा रद्द करण्याची धमकी दिली." बस. जन्मभर मी लोकांचे भाव पाडले, त्या दोन वाक्यांतून काहीच पाडता येईना.

तरी मत्सर गेलेला नाही. माझ्या भावाचे तीन रविवार सुधीरला मिळाले. मला एक दुपार मिळाली होती, तीही मी पुरी होऊ दिली नाही.

दोन आठवड्यांपूर्वी वहिनी पुण्याला परत निघाल्या, म्हणाल्या, सामान तुम्हीच न्या. सगळं उतरवलं, खुर्ची तेवढी खिडकीशी राहिली. मी बसलो. समोर मेट्रो, पाठीमागे रिकामी भिंत. नदीमला फोन लावला. "सुधीरच्या खुर्चीत बसलोय. तू बोल, मी मध्ये बोलणार नाही."

"ती सांगणाऱ्याची खुर्ची आहे, भाई," तो म्हणाला. "तिच्यात बसलास तर तुला सांगावं लागेल."

खालून माझे हमाल ओरडत होते, "शेठ, यल्ला, चला!" समोरून दोन मेट्रो गेल्या... मग मी म्हणालो, "नदीम, मी तुझा भाव केला."

"एकदा झालं," तो म्हणाला.

खुर्ची आता गोदामात खिडकीशी आहे. त्यानंतरच्या रविवारी तिच्यात बसून दुसऱ्यांदा सांगितलं. तिसरी वेळ येत्या रविवारी आहे.