मंदाबाईचं हवेतलं बक्षीस

सेलूच्या बाजारात प्रभाकररावांचं किराणा दुकान आहे. आपल्याकडे काय मिळत नाही ते विचारा, असं ते म्हणतात; आणि विचारावं तर नेमकं तेच संपलेलं असतं. पण दुकानाची खरी कीर्ती त्यांच्या बायकोमुळे, मंदाबाईमुळे. बाईला स्पर्धांचा भारी नाद. चहाच्या पुड्यावर, पेपरच्या कोपऱ्यात, मोबाईलवर, जिथं कुठं "आमची हळद तुम्हाला का आवडते, दहा शब्दांत सांगा" असं दिसेल तिथं मंदाबाई हजर. साखर बांधता बांधता तिचे ओठ हलत असतात. गिऱ्हाइकाला वाटतं जप चाललाय. बाई हळदीला यमक शोधत असते.

बरं, जिंकते म्हणून गावाचा राग नव्हता. राग होता बक्षिसांवर. मिक्सर, कुकर, साडी असल्या बक्षिसांकडे ती ढुंकूनही पाहत नाही. "घरात खोके काय कमी हायत?" म्हणते. तिला हवं ते काहीतरी करायला, पाहायला मिळण्याचं बक्षीस. एकदा नागपूरच्या मोठ्या हॉटेलात तिथल्या आचाऱ्यासोबत दिवसभर रांधून आली. एकदा रेडिओवर बोलली, आणि अशी बोलली की जाहिराती मागे पडल्या. एकदा तर बोरच्या जंगलाची सफारी जिंकली, जिथून तिचं माहेर हाकेच्या अंतरावर! वाघ दिसला नाही, पण गाईड मामेभाऊ निघाला.

आता आपल्याकडची रीत अशी, की घरात नवी वस्तू आली की आयाबाया पाहायला जातात, वस्तूला हळदकुंकू लावतात, चहा पितात आणि घरी येऊन नावं ठेवतात. मंदाबाईनं हा सगळा व्यवहारच बुडवला. शेजारच्या रुख्माबाईनं शेवटी तोंडावर विचारलं, "काय वं मंदा, इतकं जिंकतं, घरी काय आणतं? हळदकुंकू लावाव तरी कायले?"

मंदाबाईनं हसण्यावारी नेलं. तिचं दुखणं वेगळं होतं. परत आल्यावर पोटभर सांगावं असं वाटे, आणि ऐकायला घरात एकच माणूस. तो "हो, हो" म्हणत तराजूच्या काट्यावर डोळा ठेवून असे. यांनी एकदा तरी सोबत यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

या हिवाळ्यात तो योग आला. एका चहा कंपनीनं तिला दोघांसाठी बक्षीस दिलं: नागपूरजवळच्या माळावरून, सकाळी सकाळी, गरम हवेच्या मोठ्या फुग्यात बसून आकाशात फेरी. प्रभाकरराव "पाहू" म्हणाले. दुसऱ्या कोणाला ते "पाहू" म्हणाले की समजावं, नाही. बायकोला म्हणाले, म्हणजे निम्मं हो.

नक्की करायला कंपनीच्या मुलीचा फोन आला तेव्हा मंदाबाई नेमकी एका बारशाला गेली होती. फोन यांनी घेतला.

"सर, दोघं येताय ना?"

"येऊ ना मॅडम. पण समजा नाई आलो, तर बदल्यात काय देता?"

"बदल्यात काही नाही सर."

"मंग सोचून सांगतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यात त्यांचं काही चुकलं असं त्यांना वाटलंच नाही. ठोक व्यापाऱ्याशी भाव करायचा तो असाच. फोन ठेवून द्यायचा. थोड्या वेळानं तोच नरम होऊन पुन्हा करतो. म्हणून मोबाईल समोर ठेवून ते वाट पाहत बसले. फोन काही येईना.

संध्याकाळी बायको आली तेव्हा त्यांनी फुशारकीनं सांगितलं, "आता पाह्यजो, थे कंपनीवाली कशी लाईनवर येते."

मंदाबाईचा चेहरा उतरला. तिनं तिथंच उभ्याउभ्या फोन लावला. मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "ताई, सरांचं नक्की नव्हतं म्हणून एक जागा यादीतल्या पुढच्या नावाला दिली. एक आहे. कोणाचं नाव लिहू?"

मंदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो फडक्यानं स्वच्छ काटा पुन्हा पुसत होता.

"प्रभाकररावांचं लिहा," ती म्हणाली.

"अवं, तू जा ना! जिंकली तू."

"मी लय फिरली. तुम्ही जा. दुकान मी पाह्यतो."

"पण मले काय करा लागते तिथं?"

"काईच नाई. तेवढंच जमते का, पाहा."

ते नाहीच म्हणाले असते. पण फुकट मिळालेलं वाया घालवणं व्यापाऱ्याच्या रक्तात नसतं. गेले. जाताना सवयीनं कापडी पिशवी खिशात घातलीच.

त्या दिवशी मंदाबाईनं तूरडाळ मागणाऱ्याला मूगडाळ दिली, आणि पैसे पोह्याचे घेतले.

दुपारी प्रभाकरराव आले आणि स्टुलावर बसले. रुख्माबाई टपलेलीच होती.

"काय आणलं भाऊ?"

त्यांनी दोन्ही हात वर नेले. "असा जाळ होते डोक्यावर, भसकन्! मंग एकदम चूप. खाली कापसाचे वावरं, माणसं म्हणजे मोहरी. अन् आपल्याले वजनच नाई, बाई!"

"म्हणजे हात हलवतच आले," म्हणत ती निघून गेली.

प्रभाकरराव बायकोवरच उखडले, "हे असं असते, तर इतके दिवस तू मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं ना," मंदाबाई म्हणाली. "दर वेळेस. तुम्ही साखर मोजून राह्यले होते."

काउंटरवर एक जण पावशेर जिऱ्यासाठी ताटकळत होता. "थांब रे जरा," प्रभाकरराव त्याला म्हणाले, आणि स्टूल ओढून बायकोसमोर बसले. "तं हाटेलातल्या त्या आचाऱ्याचं काय झालतं? पयल्यापासून सांग."