ओळख पटली

बाग सेवनिया वस्तीतल्या घरी बसून मी ऑफिसच्या दूरच्या सर्व्हरवर काम करतो. त्याच्याशी गुप्तपणे जोडून देणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार प्रोग्रॅममध्ये, सुरक्षेचं मोठं भोक सापडल्याची बातमी त्या सकाळी आली. माझा विश्वासच बसेना. म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहिलं. सर्व्हरनं पासवर्ड मागायचा आणि तो बरोबर असला की 'ओळख पटली' म्हणायचं, अशी रीत. मी पासवर्ड दिलाच नाही. उलट मीच त्याला कळवलं, 'ओळख पटली'. आणि त्या गाढवानं मला सरळ आत घेतलं!

मी खुर्चीतून उडालोच. "आई, कमाल झाली!" कणीक मळता मळता आई बाहेर आली. हातवारे करत मी तिला सगळं सांगितलं. "इतकं कुणी बावळट असतं का गं?"

तेवढ्यात बेल वाजली. "कौन?" मी ओरडलो.

"अरे, मैं हूँ!"

मी धावत जाऊन कडी काढली. दारात एक अनोळखी गृहस्थ उभे होते. साडूचं घर समजून त्यांनी आमची बेल दाबली होती.

कणकेचे हात तसेच धरून आई म्हणाली, "पासवर्ड विचारलास का रे?"