मल्लण्णानं धाडलेला माणूस

भुताखेताचं कुणी काही सांगू लागलं की मी तोंडावर हसणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण घडलंय ते घडलंय.

मी भालकी तालुक्यात एचआयव्ही तपासणीचं काम करते. नशेची सुई टोचून घेणारे सरकारी दवाखान्यात येत नाहीत – रांगेत कुणाचा तरी काका, मेहुणा उभा असतोच! म्हणून आम्हीच किट घेऊन खटकचिंचोळीच्या बाहेर, बंद पडलेल्या डाळमिलपाशी बसायचो. माणसं आणायचा मल्लण्णा. एकेकाळी तोही सुई घ्यायचा, पॉझिटिव्ह होता. कुणी घाबरलं की आधी स्वतःच्या बोटाला टोचून दाखवायचा. टीबीनं गेला बिचारा. मातीला मी होते, मूठभर माती मीही टाकली. त्यानंतर आमच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकेना.

एका दुपारी दत्ता आला. वर्षानुवर्षं हैदराबादेत होता, तिथंच सुई लागलेली, नुकताच गावी परतलेला. "अक्का, टेस्ट करायची हाय. मल्लण्णानं धाडलंय."

माझं डोकंच फिरलं. "थट्टा करायलास का रे?"

"न्हाई हो! आत्ता त्या लिंबाखाली पहिल्यांदाच भेटला, नाव मल्लण्णा सांगितला. म्हणला, बायको सातव्यात हाय तुझी, आत्ता कळलं तर लेकरू वाचंल. अन् पहिलं आपल्याच बोटाला टोचून दाखविलं."

लिंबाखाली कुणीच नव्हतं. मी मोबाइलमधला मल्लण्णाचा फोटो दाखवला.

"व्हय, ह्योच की. कामून विचारायलाव?"

तो मेलाय म्हटलं असतं तर दत्ता पळाला असता. सरळ किट उघडलं, टेस्ट केली.

पॉझिटिव्ह. त्याच दिवशी त्याच्या बायकोला, सुनीताला, दवाखान्यात नेलं. तीही पॉझिटिव्ह! तिच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. दत्ता मात्र थोडे दिवस गोळ्या खाऊन गायब झाला – परत सुईकडेच गेला म्हणतात. पुढे लेकरू झालं, त्याच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. त्या दिवशी मी ढसाढसा रडले.

लोक म्हणतात, नशेत भास झाला असेल. असेल की! पण कधी न पाहिलेल्या माणसाचा?

परवा सुनीता लेकराला घेऊन आली. "अक्का, मल्लण्णाचं घर दाखवा की. लेकराला त्यांच्या पायावर घालायचंय."

"बाहेरगावी गेलाय गं," म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?