नालीत थुंकणार नाही

"ओ बाई, इथं नको. बाहेर नालीत जाऊन थुंका."

दातांच्या दवाखान्यातला कंपाउंडर मले बोलला. खुर्चीच्या बाजूला थुंकायचं पांढरं भांडं होतं, त्यात पाणी फिरून राहिलं होतं. माझ्या आधी एक मास्तरीणबाई त्याच भांड्यात गुळण्या करून गेल्या. माझ्याच सुजल्या हिरडीचं रक्त काहून नालीत? त्यानं आधी मोहल्ला विचारला होता. मी सांगितलं होतं, बुद्धविहारामागचा.

सातवा महिना होता मले. गाल सुजून डोळ्यापर्यंत चढलेला, अंगात ताप. भाताचं शीत चावता येत नव्हतं. मी पेजेवर जगून राहिली होती, अन् पोटातलं लेकरू माझ्यावर. आशाताई वजन करून म्हणे, "लेकरू वाढून नाही राहिलं, खाय ना वं काहीतरी." काय खाऊ, माती?

आमच्याकडं धानाच्या रोवण्याच्या वेळी बाया दुखऱ्या दाताले गुडाखू लावतात. तंबाखू अन् गुळाचा काळा लगदा. सासूनं मायेनंच डबी दिली, "दाब वं पोरी, ठणका मरते." मी दाबली. पोटातल्या लेकराले ते जहर आहे, हे आम्हाले सांगाले कोणी आलं होतं का? मत मागाले बरे येतात.

तर तोंड रक्तानं भरलेलं, एक हात पोटाखाली, अशी मी पायऱ्या उतरली अन् नालीवर वाकली. बाजाराचा दिवस. अख्खा रस्ता पाहून राहिला. सांगते, दातापेक्षा ते जास्त दुखलं.

परत आत गेली, खुर्चीवर बसली. डॉक्टरनं लांबूनच बॅटरी मारली. बोट लावलं नाही.

"गुडाखू घासून तोंड सडवता अन् मग इथं येता. तुम्हा लोकांना घाणीचीच सवय. बाळंतपण झाल्यावर ये. गरोदर बाईच्या दाताला आम्ही हात लावत नसतो."

"आत्ता गेल्या त्या मास्तरीणबाईही पोटुशी होत्या. त्यांचा दात कसा साफ केला?"

"त्यांचं वेगळं आहे. ऊठ."

वेगळं! बाप्पा, त्यांचं लेकरू लेकरू, अन् माझं काय दगड? डोकं असं तापलं का विचारू नका. तोंडात पुन्हा रक्त आलं होतं. मी वाकली अन् त्या पांढऱ्या भांड्यात थुंकली. कंपाउंडर ओरडला. मी त्याच्याकडं पाहून पुन्हा थुंकली. मग उठली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं भंडाऱ्याले गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणनं गाल हातानं चाचपला, सुन्न करून पू काढला, गोळ्या दिल्या. म्हणाली, "या महिन्यात दाताचा इलाज करता येतो. उलट असं अंगावर काढायचं नसते." म्हणजे तो माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला होता. माझं लेकरू पोटात उपाशी ठेवून खोटं बोलला होता.

पोरगी झाली. बारीक होती, पण जगली. मी त्याले माफ केलं नाही, करणारही नाही.

आता आमच्या मोहल्ल्यातल्या कोण्या पोटुशीचा दात दुखला, का मी तिले भंडाऱ्याले नेत नाही. त्याच दवाखान्यात नेते. त्याच खुर्चीवर बसवते. डॉक्टर हात लावत नाही तोवर मी दारातून हलत नाही. कंपाउंडर तोंड उघडाच्या आधी मीच तिले भांडं दाखवते.

"थुक वं. इथंच थुक."